सर्व्हिस रोडवर लॉऱ्या लागतात, सही करू की नको?

हायवेकाठचा
मंडळी, सल्ला हवाय. आमचं घर बेळगावात हायवेला लागून, नव्या ले-आउटमध्ये. घर बांधलं तेव्हा समोर जोंधळ्याचं रान होतं, आता सर्व्हिस रोड आहे. दिवेलागणीला पहिली लॉरी येते, नऊपर्यंत रांग लागते. काल जेवून शतपावलीला गेलो तेव्हा मोजल्या, अठ्ठावीस. केए, एमएच, टीएन, आरजे, सगळी पासिंगं. सकाळी कुंपणाच्या भिंतीलगत नाक धरून जावं लागतं. मागच्या महिन्यात दोन गाड्यांच्या फटीतून मुलगी सायकल घेऊन बाहेर आली आणि बसवाल्यानं कसाबसा ब्रेक मारला.

ले-आउटच्या कमिटीनं पत्र तयार केलंय. सर्व्हिस रोडवर अवजड गाड्यांना बंदी, बोर्ड लावा, क्रेन लावा. घरोघरी सह्या चालल्यात. मी पेन हातात घेतलं आणि थांबलो. कारण परवा एक ड्रायव्हर पाण्याचा कॅन घेऊन गेटवर आला होता. पाणी भरून दिलं आणि म्हटलं, मामा, इथं नका लावू हो, पोरं असतात. तो शांतपणे म्हणाला, "नाही लावत. कुठं लावू ते सांगा."

मला सांगता आलं नाही. तुम्हाला येतंय का? आणि ती जागा दाखवायचं काम नक्की कुणाचं?

टिळकवाडी_टाइम्स
सही करा आणि निवांत झोपा. त्यांनी कुठं लावायची हा त्यांच्या मालकाचा प्रश्न. मी गाडी घेतली तर पार्किंग मी बघतो ना?

गावठी_गणू
टाइम्सराव, तुमची गाडी रोज गल्लीत माझ्या दारात असते. ह. घ्या.

लॉरीमालक_केए२२
माझ्या दोन बाराचाकी आहेत, म्हणून लिहितो. लोकांना वाटतं ड्रायव्हर आळशी, दिसली जागा की लावली. गाडीचा दिवस कसा जातो ते बघा.

माल घेऊन गाडी पहाटे चारला बेळगावात पोचते. आत माल टाकायचा तर व्यापाऱ्याचं गोडाऊन दहाला उघडतं. शाळा-ऑफिसच्या वेळेत शहरात अवजड गाडीला बंदी. हमाल चहा पिऊन अकराला येतात. त्यात आपल्या आधी तीन गाड्यांचा नंबर. गाडी रिकामी व्हायला संध्याकाळ. मग परतीचं भाडं बघायचं. मिळालं तर रात्री निघाली, नाही तर दोन-दोन दिवस उभी. म्हणजे तीन दिवसांत चाकं फिरली आठ-दहा तास, बाकी सगळं उभं राहणं. ते उभं राहणं कुणाच्याच हिशोबात नाही.

पंपावर लावा म्हणाल, तर डिझेल टाकलं तर रात्रभर राहू देतात, नाही तर वॉचमनची शिट्टी. धाब्यावर जेवलं तर दोन तास. रिकामी गाडी गावात आणली तर गल्लीवाले येतात. राहतो तो सर्व्हिस रोड.

सही करू नका असं मी म्हणत नाही. तुमच्या पोरीचं ऐकून अंगावर काटा आला.

अनगोळी_नाना
त्यात आता ई-वे बिलाचं, म्हणजे मालाबरोबर लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाचं, घड्याळ. २०० किलोमीटरला एक दिवस. आधी १०० ला एक होता, २०२१ पासून २०० केला. बंगळूरपासून इथं ५०० च्या आसपास, म्हणजे तीन दिवस. वाटेत टायर गेला, नो-एंट्रीत अडकली, गोडाऊन बंद निघालं, की मुदत संपायला आली. वाढवून मिळते, पण तेवढ्यासाठी कुणाला तरी फोन करत बसावं लागतं. म्हणून ड्रायव्हर शहराच्या जास्तीत जास्त जवळ येऊन थांबतो. वीस किलोमीटर मागे हवेशीर जागा दिलीत तरी तो तिथं थांबेलच असं नाही. ट्रक टर्मिनल, म्हणजे लॉऱ्या थांबायचा तळ, कुठं काढायचं याचा विचार इथून सुरू व्हायला पाहिजे.

गावठी_गणू
माझा खरा प्रश्न वेगळाच. नो पार्किंगचा बोर्ड कुठल्या भाषेत लावणार? कारण त्यावर आपल्याकडे वीस वर्षं निघतील आणि तेवढ्यात लॉऱ्या खुशाल उभ्या राहतील.

हायवेकाठचा
@गणू 😀 कमिटीत याच्यावर पाऊण तास गेला, खोटं सांगत नाही.

निवृत्त_आराखडेवाला
नगररचनेच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. जिल्हा दुसरा, पण राज्य हेच. 'काम कुणाचं' या प्रश्नाला कागदावर उत्तर आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११७. राज्य सरकार किंवा त्यानं अधिकार दिलेलं प्राधिकरण, स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून, वाहनं उभी करायच्या जागा ठरवू शकतं. सगळी गोम 'शकतं' मध्ये आहे. शकतं म्हणजे नाही ठरवलं तरी कुणी विचारत नाही. उलट रस्त्यात अडथळा होईल अशी गाडी लावली तर दंड आहेच, नव्या न्याय संहितेच्या कलम २८५ नं पाच हजारांपर्यंत. जुन्या दंडविधानात हाच दंड दोनशे रुपये होता. जागा देणं ऐच्छिक, दंड करणं मात्र पक्कं.

आता आराखडा कसा होतो ते सांगतो. नकाशात पिवळा रंग राहायला, जांभळा कारखान्यांना, निळा व्यापाराला, हिरवा बागांना. ले-आउट मंजूर करताना बाग सोडली का, सीए साइट म्हणजे सार्वजनिक सोयींची जागा सोडली का, रस्ते किती फुटी, सगळं बघतात. पण त्या निळ्या-जांभळ्या पट्ट्यात रोज किती गाड्या येणार आणि माल उतरेपर्यंत कुठं थांबणार, हा रकाना मी भरलेला मला आठवत नाही. दुकानाला पार्किंग मागतात ते कारचं. लॉरी १२ मीटरपर्यंत लांब, अडीच मीटर रुंद. ट्रेलर त्याच्या दीडपट. ३० फुटी रस्त्यावर ती वळतसुद्धा नाही.

राज्याची स्वतःची कंपनी आहे, देवराज अरस यांच्या नावाची, ट्रक टर्मिनल काढण्यासाठीच. बंगळूरला यशवंतपूरला तिचं टर्मिनल आहे. म्हणजे कल्पना नवी नाही.

टिळकवाडी_टाइम्स
तुम्हीच रकाना भरला नाही आणि आता रिटायर झाल्यावर सांगालाय होय काका?

निवृत्त_आराखडेवाला
होय. मान्य आहे.

येळ्ळूरचा_शेतकरी
सगळ्यांचं वाचलं. आता माझं ऐका. टर्मिनल म्हटलं की वीस-पंचवीस एकर आली. ती एकरं कुणाची? साहेब लोक नकाशावर पेन्सिल फिरवतात तेव्हा ती कधी कुणाच्या बंगल्यावरून जात नाही, रानावरूनच जाते. हलगा-मच्छे बायपाससाठी आमच्या बाजूचे शेतकरी किती वर्षं कोर्टात आणि रस्त्यावर आहेत ते या धाग्यावरच्या बेळगावकरांना नव्यानं सांगायला नको. आमची जमीन बासमतीची. माणशी तुकडा केवढा? गुंठ्यात. उभ्या पिकात जेसीबी घातलेला बघितलाय आम्ही.

ड्रायव्हरला झोपायला जागा पाहिजे हे मला पटतं, माझा चुलतभाऊ ड्रायव्हर आहे. पण गाड्या उभ्या करायला भाताची जमीन देणार नाही. आधी पडून असलेले इंडस्ट्रियल प्लॉट मोजा.

हायवेकाठचा
दादा, खरं सांगू? तुमचं वाचून ओशाळलो. माझं घरसुद्धा कुणाच्या तरी रानावरच आहे.

येळ्ळूरचा_शेतकरी
असू दे. तुम्ही पैसे देऊन घेतलंय. पाणी मागायला आलेल्याला पाणी दिलंत, ते काय कमी आहे?

निपाणीकर
तुमच्या वादात आमच्या गावची एक आठवण. निपाणीत तंबाखूच्या जुन्या वखारी बघितल्यात का? दार एवढं मोठं की भरलेली बैलगाडी आत जावी, आणि आत मोकळं अंगण. वीस गाड्या आल्या तर वीस आत. बैल सोडायला जागा, पाण्याचा हौद, एका कडेला चूल. वखारवाला काही पुण्यात्मा नव्हता. गाडी रस्त्यात उभी राहिली तर माल भिजणार, चोरीला जाणार, म्हणून त्याची त्यालाच गरज होती.

साखर कारखान्याचं बघा. हंगामात गाडीतळ लागतोच. ऊसवाल्यांची पालं, पाण्याची टाकी, नंबराची चिठ्ठी. रात्री रस्त्याकडेला बिनरिफ्लेक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या उभ्या असतात ते वेगळं, त्यावर स्वतंत्र धागा काढा. पण ज्याच्याकडे माल येतो त्यानं गाडीला उभं राहायला जागा द्यायची, ही आपल्याकडची जुनी रीत. बैल गेले, ट्रक आले आणि अंगणावर शटरची दुकानं झाली.

अवांतर: १९८१ च्या तंबाखू आंदोलनात शरद जोशींबरोबर हजारो शेतकऱ्यांनी निपाणीत याच हायवेवर ठाण मांडलं होतं. आमचे आजोबा सांगायचे, अडकलेल्या लॉरीवाल्यांना गावातून भाकऱ्या जायच्या. त्या दिवसांत गावाला ड्रायव्हर पहिल्यांदा माणसासारखा दिसला, असं त्यांचं वाक्य.

उद्यमबाग_पाळी_दुसरी
निपाणीकरांना +१. मी फाउंड्रीत आहे. आमच्याकडे कोळसा, पिग आयर्न, वाळू रोज येते आणि तयार कास्टिंग रोज जातं. आधीच्या ठिकाणी गेटबाहेर रांग लागायची आणि सिक्युरिटी ड्रायव्हरला आतला संडास वापरू द्यायची नाही. कारण काय, तर "बाहेरचा माणूस". तो माणूस आमचाच माल घेऊन जाणार होता!

आताच्या कंपनीत नवा मॅनेजर आला, त्यानं दोन गोष्टी केल्या. गाडीवाल्याला आदल्या दिवशी फोन करून वेळ द्यायची. आणि कंपाउंडच्या आत भंगाराचा ढीग पडायचा ती जागा साफ करून सहा गाड्यांना पट्टे मारले. शेजारी एक संडास, एक न्हाणी, एक नळ. बाहेरची रांग गेली. कुणाची इंचभर जमीन घ्यावी लागली नाही.

येळ्ळूरचा_शेतकरी
हे बोला!

लॉरीमालक_केए२२
चांगलं आहे, पण ते कंपनीचं झालं. रविवार पेठेतल्या व्यापाऱ्याकडे भंगाराचा ढीग टाकायलासुद्धा जागा नाही. त्याचा माल कुठं थांबणार? आणि गोव्याला, बंगळूरला नुसती पास होणारी गाडी? तिचा इथं कुणी धनी नाही. या दोघांसाठी टर्मिनल लागणारच.

खानापूरची_मीरा
पास होणाऱ्या गाड्यांवरून. आमच्याकडून गोव्याला अनमोड घाट, जांबोटीकडून चोर्ला. बेळगावची भाजी, दूध रोज याच वाटांनी गोव्यात उतरतं. पावसाळ्यात घाट कधी बंद होईल नेम नाही. २०२५ च्या जुलैमध्ये अनमोडला रस्ता खचला आणि अवजड गाड्या बंद केल्या. घाट बंद करायचा आदेश एका दिवसात निघतो. पण वाटेत असलेल्या गाड्यांनी थांबायचं कुठं, हे त्या आदेशात नसतं. त्या थांबतात आमच्या गावांच्या तोंडाशी.

आता बाईमाणसाच्या बाजूनं बोलते. पहाटे आम्ही रानाकडे जातो तेव्हा रस्त्याकडेला डबे घेऊन माणसं बसलेली असतात. आम्ही मान फिरवायची, त्यांनीही मान फिरवायची. आधी राग यायचा. एकदा एक म्हातारा ड्रायव्हर टायरच्या आडोशाला उभा राहून म्हणाला, "ताई, माफ करा, पोट ऐकत नाही." तेव्हापासून राग कुणावर काढायचा तेच कळेना. टर्मिनल, डॉर्मिटरी वगैरे जेव्हा होईल तेव्हा होऊ दे. घाटाच्या अलीकडे चार संडास, एक दिवा आणि रोज झाडणारा एक माणूस. एवढ्याला किती आराखडे लागतात?

गाडीवरचा_चंदगडी
मी ड्रायव्हर. शिनोळीवरून बेळगाव आमचं रोजचंच. मोबाईलवर टाईप करालोय, चुका संभाळून घ्या.

रात्री आम्ही झोपतो असं तुम्हाला वाटतंय. झोपत नाही, पडतो. डिझेल काढणारे पाइप आणि कॅन घेऊन मोटरसायकलवर येतात. टाकीचं कुलूप फोडायला त्यांना एक मिनिट लागत नाही. सकाळी मालक पहिल्यांदा काय विचारतो, तर डिझेलचा काटा कुठं आहे. आमचा एक जुना उस्ताद टाकीच्या झाकणाला सुतळी बांधून दुसरं टोक केबिनमध्ये पायाच्या अंगठ्याला बांधायचा. एकदा कुत्र्यानं सुतळी ओढली आणि उस्ताद टॉमी (चाक खोलायची लोखंडी पहार) घेऊन उघडाच खाली. कुत्रं पळालं, पण समोरच्या धाब्यावर अजून हसतात.

'अपना घर' म्हणून पंपांवर सरकारी तेल कंपन्यांनी खोल्या काढल्यात. खाट आहे, अंघोळ आहे, स्वतः स्वयंपाक करायला जागा आहे. मी राहिलोय, स्वच्छ होतं. पण खाटेवरून गाडी दिसत नव्हती. रात्रभर दर तासाला उठून बघून आलो, शेवटी केबिनमध्येच येऊन पडलो. जे कोण नकाशे काढणार आहेत त्यांना सांगा, खिडकी गाडीकडे ठेवा, नाही तर राखण ठेवा आणि चोरीची जबाबदारी लिहून द्या. मग फरशी कुठलीही घाला.

आणखी एक. २०२२ च्या डिसेंबरात सीमावादावरून हिरेबागेवाडी टोलनाक्याजवळ एमएच पासिंगच्या गाड्यांवर दगड पडले. तिकडं महाराष्ट्रात त्याचं उत्तर म्हणून केए च्या गाड्यांना काळं फासलं. भांडण कुणाचं, काच कुणाची. अशा रात्री दहा गाड्या एका आवारात, गेटच्या आत असल्या तर जीव थाऱ्यावर राहतो. रस्त्यावर एकटी गाडी म्हणजे लांबूनच नंबरप्लेट दिसते.

अनगोळी_नाना
चंदगडीभाऊ, खिडकीचं अगदी मनाला लागलं.

टिळकवाडी_टाइम्स
ड्रायव्हरदादा, राग मानू नका. पण आठ तासच गाडी चालवायची असा कायदा आहे ना? मग रात्री अकराला येऊन धडकायचं कशाला?

निवृत्त_आराखडेवाला
दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, हे १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातलं. तो आता नव्या कामगार संहितेत विलीन झाला, आठ तास राहिले. मूळ कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्याला लागू होता. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ९१ तेच तास कुठल्याही वाहतूक गाडीच्या चालकाला लावतं. म्हणजे दोन गाड्यांच्या मालकालाही.

लॉरीमालक_केए२२
कायद्यानं पाच तासांनी थांबायचं. बरं. पाच तासांनी गाडी तवंदीच्या घाटात असेल तर? कायदा थांब म्हणतो, रस्ता थांबू नको म्हणतो.

आणि ले-आउटवाल्यांना आगाऊ सांगून ठेवतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झालीय. उन्हाळ्यात ४५ डिग्रीत इंजिनाशेजारी बसणाऱ्याला ती पाहिजेच. पण गाडी उभी असताना एसी चालवायचा तर इंजिन चालू. तुमच्या खिडकीखाली अठ्ठावीस इंजिनं रात्रभर घुरघुरणार. आज निदान बंद तरी असतात.

हायवेकाठचा
बापरे. हे कमिटीला सांगितलं तर सह्या दुप्पट होतील.

बर्मिंगहॅमचा_बेळगावकर
मूळचा शहापूरचा. इकडे एका वेअरहाउसमध्ये प्लॅनिंगला आहे, रोज ट्रकवाल्यांशी गाठ. आराखडेवाले काकांच्या 'रकान्या'वरून लिहितो. इंग्लंडच्या राष्ट्रीय नियोजन धोरणात २०१८ पासून एक परिच्छेदच आहे. मुक्कामाच्या लॉरी पार्किंगचं महत्त्व ओळखा, त्या भागात जागांची टंचाई किती ते लक्षात घ्या, आणि नवं मोठं वितरण केंद्र काढायचं किंवा वाढवायचं तर तिथं येणाऱ्या लॉऱ्यांना पुरेल एवढी जागा त्यातच दाखवा. म्हणजे निपाणीकरांची वखारच, इंग्रजीत लिहिलेली. शिवाय साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं थांबायचंच, गाडीतलं यंत्र नोंद ठेवतं.

टिळकवाडी_टाइम्स
आलं, इंग्लंड आलं. आता तिथली स्वच्छता ऐकू.

बर्मिंगहॅमचा_बेळगावकर
ऐका मग. आमच्या गेटपासून मैलभर हायवेच्या कडेला रात्री लॉऱ्यांची रांग असते आणि झुडपात पिवळ्या पाण्याच्या बाटल्या. परिच्छेद असला तरी लॉरी पार्क आपल्या गावाजवळ नको म्हणून लोक हरकती घेतातच. फरक इतकाच, की परवानगीच्या फायलीत 'गाड्या कुठं थांबणार' हा प्रश्न विचारावाच लागतो. उत्तर वाईट असलं तरी लेखी असतं.

गावठी_गणू
पिवळ्या बाटल्या वाचून बरं वाटलं. माणूस सगळीकडे सारखाच.

उद्यमबाग_पाळी_दुसरी
पैसे कोण देणार यावर कुणीच बोललं नाही. आमच्या कंपनीनं सहा पट्टे मारले कारण गाडी अडली की पाळी अडते. पास होणाऱ्या गाडीसाठी कोण पट्टे मारणार?

लॉरीमालक_केए२२
रात्रीचे शंभर रुपये मी देतो, पावती द्या. डिझेल चोरीला गेलं तर एका रात्रीत त्याच्या कितीतरी पट जातं. पण ते ड्रायव्हरच्या भत्त्यातून कापू नका. कापलं की तो पुन्हा सर्व्हिस रोडवर येणार.

गाडीवरचा_चंदगडी
मालक असं लिहितात, पण कापतात. तुमच्याबद्दल नाही बोलत.

लॉरीमालक_केए२२
माझ्याबद्दल बोललास तरी चालेल. मागच्या वर्षी कापले होते.

खानापूरची_मीरा
धागाकर्ते कुठं गेले? सही केली की काय शेवटी?

हायवेकाठचा
इथंच आहे. रविवारी मीटिंग झाली. पत्रावर सही केली नाही, म्हणून अध्यक्ष माझ्याशी बोलत नाहीत. दुसरं पत्र मांडलं. पहिली मागणी: शाळेची बस थांबते तिथं दोन्ही बाजूंना पन्नास-पन्नास मीटर कुठलीच गाडी नको, आमच्या कारसुद्धा. यावर पहिल्या पत्रापेक्षा मोठं भांडण झालं. दुसरी: उरलेल्या पट्ट्यात दोन दिवे आणि फिरते का होईना चार संडास. तिसरी: शहराच्या दोन्ही तोंडांना रिकामे पडलेले सरकारी आणि इंडस्ट्रियल प्लॉट मोजून यादी लावा, शेतजमीन सोडून. चौथी: नव्या गोडाऊनला परवानगी देताना 'गाड्या कुठं थांबणार' हे लिहून घ्या. एकतीस घरांपैकी अकरा सह्या झाल्या.

काल तो मामा परत दिसला. गाडी बसथांब्यापासून लांब लावली होती, न सांगता. त्याला पत्र वाचून दाखवलं. म्हणाला, नळाचं लिहिलं नाहीत.

पाचवी मागणी वाढवली.

येळ्ळूरचा_शेतकरी
शेतजमीन सोडून हे शब्द ठळक करा.

निवृत्त_आराखडेवाला
कलम ११७ चा उल्लेख करा, पोच घ्या, पोचेवर तारीख-शिक्का बघून घ्या. एक प्रत महापालिकेला, एक नगरविकास प्राधिकरणाला, एक हायवेवाल्यांना. एकालाच दिलीत तर ते दुसऱ्याकडे बोट दाखवतील. आणि मराठीबरोबर कन्नडमध्येही द्या. उत्तर लवकर येतं, अनुभव आहे.

हायवेकाठचा
कन्नड आमच्या हिचं चांगलं आहे, धारवाडची आहे. ती लिहिते म्हणालीय. फक्त 'टाकीच्या झाकणाची सुतळी' कशाला लिहायची, असं विचारालीय. तो मजकूर चुकून कॉपी झाला होता.

गावठी_गणू
राहू दे. तेवढं एकच साहेब वाचतील.